‘ते खूश आहेत’ असं कोण म्हणालं?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त, ओळखीचे तपशील वगळले आहेत)

वय 36, मूळचा सांगली जिल्ह्यातला, गेली नऊ वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहतो. आठवडाभर आयटीतली नोकरी आणि शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये टेबलाटेबलावर जाऊन जादू करतो. पत्ते, नाणी, स्पंजचे चेंडू. हातचलाखी वडिलांकडून शिकलो. ते अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) जुने कार्यकर्ते. लहानपणी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर सामानाची पिशवी घेऊन मी गावोगावच्या चमत्कार प्रात्यक्षिकांना जायचो. गेल्या वर्षी रेस्टॉरंटने हॅलोविनसाठी खास काहीतरी करायला सांगितलं. मी एक प्रयोग बसवला. समोरच्याने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी जाळायची, आणि ती राख मी हातावर चोळली की नाव उमटतं. साठीच्या एका बाईंनी नवऱ्याचं नाव लिहिलं. ते उमटल्यावर त्या पांढऱ्याफटक पडल्या. “तो रागावलाय का माझ्यावर?” असं त्यांनी विचारलं. मी गोंधळून म्हणालो, “नाही, ते खूश आहेत.” त्या रडल्या, मला मिठी मारली, जाताना शंभर डॉलर ठेवून गेल्या. नंतर दोनदा त्या मला शोधत येऊन गेल्या, दोन्ही वेळा मी नव्हतो. यंदा मॅनेजरला तोच प्रयोग मोठा करून हवाय, पैसेही वाढवून देतोय. बायको म्हणते, हॅलोविन आहे, खोटं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वडिलांना फोनवर सांगितलं तर एवढंच म्हणाले, “मग तुझ्यात आणि त्या बुवात फरक काय?” तेव्हापासून आमचं हवापाण्यापलीकडे बोलणं नाही. हॅलोविन सोडू की हे कामच सोडू? मी दुटप्पी आहे का?

उत्तर

आधी एक सांगून टाकते. लग्नानंतर अमेरिकेत आले तेव्हा पहिली पाच वर्षं मी न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटच्या दारात होस्टेस म्हणून उभी होते. टेबल देणं, मेन्यू देणं, ‘वीस मिनिटं लागतील’ हे वाक्य चाळीस मिनिटं हसतमुखाने म्हणत राहणं. त्यामुळे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मी आतून पाहिलाय. दाराला मक्याची वाळकी ताटं बांधलेली, खिडकीत कापसाची कोळिष्टकं, आणि आत येणारं गिऱ्हाईक कोणत्या अवतारात येईल याचा नेम नाही. एका ड्रॅक्युलाने सूप पिण्यासाठी सुळे काढून नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवले आणि टेबल आवरणाऱ्या पोराने ते उचलून थेट कचऱ्यात टाकले. उरलेली संध्याकाळ तो काळा झगा घातलेला साधा अकाउंटंट होता.

तेव्हा तुमच्या पत्नीचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्या रात्री खोट्याला खोटं म्हणूनच सगळे दाद देतात, आणि घाबरण्यातही एक मजा असते. तिचं चुकतंय ते पुढे. दारातला प्लॅस्टिकचा सांगाडा कुणाचाच नसतो. त्याला नाव नाही, त्याचा संसार झालेला नाही, तो कुणाशी भांडून गेलेला नाही. तुम्ही त्या बाईंच्या हातात पेन दिलंत आणि गेलेल्या माणसाचं नाव लिहायला सांगितलंत, तिथे त्यांच्यापुरता हॅलोविन संपला. पुढची पाच मिनिटं त्या टेबलावर होता तो त्यांचा नवरा.

आणि ‘तो रागावलाय का?’ हा प्रश्न ऐकून तुम्ही गोंधळलात, याचं मला जरा नवल वाटलं. आपण सांगलीकडची, साताऱ्याकडची माणसं हा प्रश्न नदीच्या घाटावर ऐकतच मोठी झालोय. माझ्या सासूबाईंच्या दहाव्याला पिंड मांडून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, पण एकही खाली उतरायला तयार नाही. मग नेहमीचं सुरू झालं. ‘धाकटीचं लग्न नीट करू.’ ‘घर विकणार नाही.’ ‘तुळशीला रोज पाणी घालू.’ शेवटी माझा नवरा पुढे झाला आणि हळूच म्हणाला, ‘आई, शेवटच्या आठवड्यात मी आलो नाही, चुकलं माझं.’ मी देव मानत नाही, भुतं त्याहून नाही. पण तेव्हा मीसुद्धा मान वर करून त्या झाडाकडे बघत होते. शेजारून कुणी कानात सांगितलं असतं की ‘त्या खूश आहेत’, तर मीही पर्समध्ये असतील तेवढे पैसे काढून दिले असते.

त्या संध्याकाळी तुम्ही त्या बाईंचा कावळा झालात. फरक इतकाच, की कावळा बोलत नाही.

आता वडिलांचा प्रश्न. तुम्ही तो टोमणा म्हणून ऐकलात आणि गप्प झालात. मला तो सरळ प्रश्न वाटतो, आणि त्याला उत्तर आहे. फरक राखेत नाही. राख तीच, हात तोच, चलाखीही तीच. लिंबातून ‘रक्त’ काढणारा बुवा आणि तेच लिंबू गावाच्या चौकात कापून दाखवणारा कार्यकर्ता, दोघांच्या पिशवीतलं सामान एकच असतं. खरा फरक प्रयोग संपल्यावर दिसतो. गर्दीतून एखादी बाई पुढे येऊन विचारते, ‘मग माझ्या पोराचं काय होईल?’ बुवा त्या प्रश्नाचं उत्तर देतो. कार्यकर्ता म्हणतो, ‘मावशी, हे मी केलं.’ तुम्ही उत्तर दिलंत. तीन शब्दांपुरते तुम्ही बुवा झालात. हे मी तुम्हाला टोचायला म्हणत नाही; उलट ते तीनच शब्द होते, पंचवीस वर्षांचा धंदा नव्हता, हे तुम्ही लक्षात ठेवावं म्हणून म्हणते.

मात्र ‘गोंधळून बोललो’ ही पळवाट मी देणार नाही. त्या तीन शब्दांकडे जाणारा रस्ता प्रयोगातच आखलेला होता. गेलेल्याचं नाव मागायचं, ते ‘पलीकडून’ आल्यासारखं दाखवायचं, आणि मग समोरचा माणूस पुढे काहीच विचारणार नाही असं धरून चालायचं? चार टेबलांमागे एक तरी विचारणारच होता. तुम्ही राखेची तालीम केलीत, या प्रश्नाची केली नाहीत.

वडिलांच्या गप्प बसण्याबद्दल आणखी एक. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या माणसाने आयुष्याचे रविवार त्या चळवळीत घालवले, त्याच्यासाठी ‘पलीकडून निरोप आला’ हा विनोदाचा विषय उरलेला नाही. तुम्ही फोनवर बहुधा हसत हसत सांगितलं असणार. तो एकटाच मला त्या संभाषणातला तुमचा दोष वाटतो.

तुम्ही दुटप्पी आहात का? या खड्ड्यात तुमच्याआधी कोण पडलं होतं ते सांगते. हुडिनी. साखळदंडांतून सुटणारा जादूगार हुडिनी जगाला माहीत आहे, पण तरुणपणी खायचे वांधे होते तेव्हा, 1897-98 च्या सुमारास, तो कॅन्ससकडच्या गावांतून औषधविक्यांच्या जत्थ्याबरोबर फिरला आणि स्टेजवर मृतात्म्यांचे निरोप सांगत होता. माहिती कुठून, तर गावच्या कबरींवरून आणि चकाट्या पिटणाऱ्यांकडून. पुढे त्याला त्याची फार लाज वाटली. 1913 मध्ये त्याची आई गेली. आईवर त्याचा जीव होता. 1922 च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीत शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने समाधी लावल्यासारखं करून त्याच्या आईचं लांबलचक पत्र ‘उतरवून’ घेतलं. पत्राच्या माथ्यावर क्रूस, आणि मजकूर अस्खलित इंग्रजीत. त्याची आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. तिथून त्याने मरेपर्यंत मृतात्म्यांचे निरोप आणणाऱ्या अशा लोकांचा पिच्छा पुरवला. 1926 मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालावी म्हणून अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली. (आपल्याकडे जन्मला असता तर तुमच्या वडिलांच्या स्कूटरवर तुमच्याऐवजी तोच मागे बसला असता.) तेव्हा एकदा चुकणं आणि दुटप्पी असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही काय करता त्यावर ठरतं.

काम सोडू नका. ज्याला त्या बाईंचा चेहरा वर्षभर आठवत राहिला, त्याने टेबल सोडून जावं आणि ज्याला आठवला नसता त्याने त्या जागी यावं, हे मला पटत नाही. मॅनेजर उद्या दुसरा कुणी शोधेल आणि त्याला राखेचाच प्रयोग करायला लावेल.

‘हे केवळ मनोरंजनासाठी आहे’ अशी पाटी लावून तोच प्रयोग चालू ठेवायचा, हा मार्ग तुमच्या मॅनेजरला आवडेल. मला नाही. पाटी वकिलाच्या कामाची. ज्याच्या गळ्यात आवंढा आहे, तो पाटी वाचत नाही.

हॅलोविनवर फुली मारण्याचीही गरज नाही. सण परका म्हणून सोडायचा, तर मग टीव्हीसमोर बसून सुपर बोल तरी कशाला बघायचा? शिवाय तो इतका परकाही नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी समजूत अशी, की सुगी संपून हिवाळा लागताना मेलेल्यांची आणि जित्यांची वाट एकमेकींना छेदते. तिकडे आधी सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा मोठा आणि कोरायला सोपा म्हणून भोपळा आला. भाद्रपदात पितरांना जेवू घालणाऱ्या माणसाला यात न समजण्यासारखं काय आहे?

म्हणून माझं म्हणणं एकाच ओळीचं आहे. भुतं आणा, हवी तेवढी आणा, पण जेवायला आलेल्या माणसाचं स्वतःचं गेलेलं माणूस टेबलावर आणू नका. ही ओळ जादूच्या विरोधात नाही, ती रेस्टॉरंटबद्दल आहे. तिकीट काढून अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या माणसाने आधी ठरवलेलं असतं की आज मला असं काही बघायचंय. तुमच्याकडे तसं नाही. इथे माणूस जेवायला आलाय, आणि तुम्ही त्याच्याकडे चालत जाता. तो तुम्हाला बोलवत नाही. एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, आम्ही दबक्या आवाजात कडाक्याचं भांडत असताना, एक हसरा तरुण पत्त्यांचा कॅट पसरत उभा राहिला आणि म्हणाला, ‘तुमच्या दोघांची मनं किती जुळतात ते बघू या!’ मी बदामची राणी काढली, नवऱ्याने तो कॅटच त्याच्या हातात परत दिला.

तुम्ही ज्या शहरात हे करता, तिथे या कलेची मोठी परंपरा आहे, आणि ती तुमच्या बाजूने आहे. मॅट शुलीन आपल्या घरच्याच रेस्टॉरंटमध्ये टेबलाटेबलावर जादू करायचा. सबंध कॅट भिंतीवर फेकायचा; सगळे पत्ते खाली आणि गिऱ्हाइकाने निवडलेला तेवढा एक भिंतीवर टाचणीने अडकलेला. आरडाओरडा, हशा, भिंतीला भोकं. दुसऱ्या टोकाला युजीन बर्गर (1939-2017). धर्मशास्त्र शिकलेला, पांढऱ्या दाढीचा, खोल आवाजाचा माणूस. भीतीच्या अंगाने जाणारी टेबलावरची जादू त्याने जितक्या गांभीर्याने केली तितकी फार थोड्यांनी केली असेल. त्याचा एक गाजलेला प्रयोग माहीत असेलच तुम्हाला : दोऱ्याचे तुकडे करायचे आणि तो पुन्हा सलग करायचा, आणि हे करताना हा गृहस्थ शिकागोत बसून ब्रह्मा, विष्णू आणि महेशाची गोष्ट सांगायचा. अंगावर काटा आणायला त्याला समोरच्याचा नवरा लागला नाही. दोरा पुरला, आणि गोष्ट.

मग तुमच्याकडे गोष्टी काय कमी आहेत? पिंपळावरचा मुंजा आहे. वेशीवरचा वेताळ आहे, अमावास्येला पालखी काढणारा. पाय उलटे असलेली हडळ आहे. शिकागोतल्या गिऱ्हाइकाने ड्रॅक्युला हजारदा पाहिलाय, मुंजा एकदाही नाही. सोडमुंज व्हायच्या आत मेलेला पोर पिंपळावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढतो, एवढं सांगून एखादं नाणं गायब केलंत तरी ते नाणं मुंजाने नेलं. लहान मुलं असलेल्या टेबलावर तर तुमच्या हातात सोन्याचा तुकडा आहे : लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतला वाघ, आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. भोपळा हॅलोविनचा, म्हातारी आपली. हरवलेला स्पंजचा चेंडू छोट्या भोपळ्यात सापडला की झालं. माझ्या नातीला ही गोष्ट इंग्रजीत सांगताना ‘टुणूक’ला शब्द सापडला नाही, तो तसाच ठेवला, तिच्या अमेरिकन मैत्रिणी आता टुणूक म्हणतात.

मोठ्यांसाठी, 31 ऑक्टोबरचीच एक गोष्ट घ्या. हुडिनी 1926 मध्ये त्याच तारखेला डेट्रॉइटमध्ये गेला, 52 व्या वर्षी. म्हणून इथले जादूगार तो दिवस जादूचा दिवस म्हणून पाळतात. त्याची बायको बेस दहा वर्षं त्याच्या निरोपाची वाट बघत राहिली. त्याच्या आत्म्याला बोलावण्याची शेवटची बैठक 1936 मध्ये हॉलिवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर झाली. कुणी आलं नाही. तिने त्याच्या फोटोपाशी दहा वर्षं तेवत ठेवलेला दिवा मालवला. ही गोष्ट सांगून एखादा पत्ता हळूच वर येऊ द्या किंवा येऊ नका देऊ. मी असते तर येऊ दिला नसता. पण मी जादूगार नाही, टिपही मला मिळणार नाही.

थोडं दारातल्या बाईच्या नजरेतून, कारण हे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल. टेबलापाशी जायची वेळ म्हणजे मेन्यू मिटून ठेवले गेले, ऑर्डर आत गेली आणि खाणं यायला दहा-पंधरा मिनिटं आहेत तेव्हाची. प्लेट आली की तुम्ही दिसेनासे व्हा. वेटरची निम्मी कमाई टिपवर असते. तुमच्यामुळे टेबल वीस मिनिटं उशिरा रिकामं झालं तर त्याच्या खिशातून जातं, आणि तो तुम्हाला ते कधी बोलून दाखवणार नाही. पहिलं वाक्य जादूचं नको, प्रश्नाचं असू दे : ‘भुताची दाखवू की गमतीची?’ दोन्हींना नकार देता येईल इतक्या हलक्या आवाजात. काही घरांत हॅलोविन पाळतच नाहीत, धर्माच्या कारणाने. ‘गमतीची’ हा शब्द त्यांच्यासाठी आहे. शिकागोत मेक्सिकन कुटुंबं पुष्कळ. 1-2 नोव्हेंबरला त्यांच्या घरी गेलेल्या माणसांचा फोटो, फुलं आणि आवडीचं जेवण मांडलेलं असतं. त्यांच्या रंगीत कवट्या तुमच्या सजावटीचं सामान नव्हेत.

आग बंद. एकदम बंद. चिठ्ठी जाळण्याचा प्रयोग कुणी तुम्हाला करू दिला हेच मला कळलं नाही. वाळकं मक्याचं ताट, कापसाची कोळिष्टकं, स्वस्तातले नायलॉनचे झगे आणि त्यात तुमची काडी! खोटं रक्त, खोटी माती, कसलीही पूड ताटाजवळ नको. त्या रात्री दिवे मंद असतात, तेव्हा बदाम आणि चौकट, इस्पिक आणि किलवर लांबून सारखेच दिसतात; मोठ्या आकड्यांचे पत्ते घ्या. गिऱ्हाइकाला खिसे नसतात, हातात मोजे किंवा पंजे असतात, म्हणून ‘हे घट्ट धरून ठेवा’ असे प्रयोग वगळा. आणि स्वतः मुखवटा घालू नका. टेबलावरच्या जादूत अर्धं काम चेहरा करतो, आणि त्या बाईंच्या बाबतीत उलटं बघा : तुम्हाला त्यांचा चेहरा दिसला म्हणून तर आज हे पत्र आहे.

मॅनेजरला ‘तत्त्व’ हा शब्द ऐकवू नका. सांगा की गेल्या वर्षी एक टेबल रडलं आणि शेजारची दोन टेबलं गप्प झाली. यंदा हसून किंचाळणारी टेबलं देतो. आग नाही, हेही सांगा. हे त्याला लगेच कळेल. तरीही राखच हवी म्हणाला, तर ते दोन आठवडे सोडा आणि नोव्हेंबरमध्ये परत या.

आता त्या बाई. हा भाग मी सगळ्यात शेवटी ठेवला, कारण मलाच तो जड जातोय. त्या दोनदा शोधत आल्या, म्हणजे तिसऱ्यांदा येतील. मैत्रिणी म्हणतात, राहू दे ना त्यांचं समाधान, कुणाचं काय बिघडतं? मीही दोन दिवस असाच विचार केला. मग वाटलं, समाधान झालेलं माणूस दोनदा परत येत नाही. त्यांना आणखी विचारायचंय. आणि पुढच्या वेळी तुम्ही काय सांगणार?

होस्टेसला सांगून ठेवा की त्या आल्या की तुम्हाला कळवावं. कॅट खिशात ठेवून जा, हात रिकामे असू द्यात. इतरांसमोर नको, दाराजवळच्या बाकावर बसवा. आणि थोडक्यात सांगा : ‘त्या दिवशी नाव उमटलं ती माझी जादू होती. नंतर जे बोललो, ते माझ्या मनाचं बोललो. तुमच्या नवऱ्याकडून मला काही कळलं नव्हतं. मला माफ करा.’ कसं केलं ते सांगायची गरज नाही. तुमच्या वडिलांनी सांगितलं असतं, कारण त्यांचं काम बुवाचं बिंग फोडण्याचं होतं. त्या बाईंना बिंग नकोय. त्यांना हेही बहुधा अर्धंमुर्धं ठाऊक आहे. शंभर डॉलर परत करू नका. परत केलेत तर त्यांना आपण फसलो असं वाटेल, आणि त्यांनी दिले होते ते फसून नव्हे. त्या चिडतील कदाचित. चिडू द्या. उठून गेल्या नाहीत, तर एकच विचारा : ‘तो रागावलाय असं तुम्हाला का वाटलं?’ आणि मग गप्प बसा, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पुढचं टेबल चुकलं तरी चालेल. त्या बोलतील ते तुम्हाला सोडवता येणार नाही. तिथल्या चर्चमध्ये, वाचनालयांत, रुग्णालयांत जोडीदार गमावलेल्यांचे गट भरतात. आपल्या भागातला एखादा आधीच शोधून त्याचा कागद खिशात ठेवा. द्यावासा वाटला तरच द्या.

वडिलांशी ‘तुमचं बरोबर होतं’ पासून सुरुवात करू नका. असल्या वाक्याने आपल्याकडचे बाप अवघडतात आणि फोन आईकडे देतात. त्याऐवजी त्यांना कामाला लावा. मुंजा, म्हातारी, हुडिनी यांच्यानंतर शेवटचा प्रयोग त्यांचा घ्या, त्यांचं नाव न घेता, पण त्यांचीच गोष्ट सांगून. ‘आमच्या गावाकडे भुतं बनवणारी माणसं होती, आणि माझे वडील स्कूटरवरून त्यांच्या मागावर जायचे.’ अशी हॅलोविनची गोष्ट सबंध शिकागोत दुसऱ्या कुणाकडे नाही. लिंबू नको, जेवणाच्या टेबलावर ते लिंबू कुणीतरी माशावर पिळणार. हळदीचा पंजा घ्या : हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने ओला केलेला हात, आणि पिवळ्यावर तांबडा पंजा. गुपित फोडल्याबद्दल तुमच्या बिरादरीने रागवू नये, शाळेच्या विज्ञानात असतं हे. इथे ‘हे मी केलं’ म्हणायचं, आणि मुलांना तो कागद घरी नेऊ द्यायचा.

या शनिवारी घरी करून बघा. मग सांगलीला सकाळ झाली की फोन लावा आणि विचारा, ‘बाबा, सोडा किती घालायचा? माझा पंजा फिका येतोय.’ जुना कार्यकर्ता आहे, चुकलेलं प्रमाण ऐकून गप्प बसवणार नाही त्यांना.